सोपोच्या पावत्या

जुलै २०२० मधली गोष्ट. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आई आणि मी घराच्या सोप्यावर पत्र्याचा एक डबा पालथा करून बसलो होतो. एरवी त्या डब्यात खाजे, म्हणजे आल्या-गुळात घोळवलेल्या बेसनाच्या काड्या, भरलेले असतात. त्या दिवशी त्यातून सोपोच्या पावत्या निघाल्या. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, बाजारात खाली बसून विकणाऱ्यांकडून पालिका जागेचा जो कर घेते त्याला आमच्याकडे सोपो म्हणतात. वसुली बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराची माणसं करतात. हातात दोन बोटं रुंदीचा कागद पडतो, वर छापील नंबर, खाली रक्कम. पडलाच तर. आईनं तीस वर्षं सोपो भरला, पण पावती मागायची सवय तिला नव्हती. ज्या दिवशी दिली त्या दिवशी तिनं ती कमरेला खोचली आणि घरी येऊन डब्यात टाकली.

आम्ही त्या वर्षांप्रमाणे लावायला बसलो. काहींची शाई पार उडाली होती. तेलाच्या बोटांनी काही इतक्या पातळ झाल्या होत्या की खालची फरशी दिसत होती. चिकटलेल्या पावत्या मी चहाच्या भांड्यावर वाफेला धरून सोडवल्या. तारीख वाचता येईल अशा शेवटी १३७ निघाल्या. सगळ्यात जुनी २००९ ची आणि सगळ्यात अलीकडची २० मार्च २०२० ची. त्यानंतर दोनच दिवसांनी जनता कर्फ्यू लागला.

या कागदांची गरज का पडली ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आमचं गाव डिचोली तालुक्यातलं, खाणपट्ट्यातलं. दादा टिपर चालवायचा. सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्च २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हापासून तो मिळेल ते काम करत होता. मी कांदोळीच्या बाजूला एका हॉटेलात हाऊसकीपिंगला होते. आई खाजेकार. खाजे, चणे, खडखडे लाडू घरी करायचे, एरवी शहराच्या बाजारात बसायचं आणि जत्रांच्या दिवसांत जत्रा गाठायच्या. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण या दोघी बहिणी मानल्या जातात. आई दोघींकडे दुकान मांडते. वैशाखातल्या त्या आठवड्यात जी कमाई होते तिच्यावर पावसाळ्याचे चार महिने निघतात. २०२० मध्ये ना लईराईची जत्रा भरली ना सायबिणीचं फेस्त. हॉटेलनं मला मार्चचा पगार दिला आणि "पुढे कळवू" म्हणून सांगितलं. पुढे काहीच कळवलं नाही.

सुरुवातीचे काही दिवस तर गोव्यात किराणाची दुकानंसुद्धा बंद होती. त्या दिवसांत शेजाऱ्यांनी आम्हाला आणि आम्ही शेजाऱ्यांना दिलं, तेवढ्यावर चूल पेटली. मग रेशन सुरू झालं. आमचं कार्ड प्राधान्य गटाचं, घरात पाच माणसं. नेहमीच्या धान्याशिवाय माणशी ५ किलो फुकट, म्हणजे २५ किलो तांदूळ जास्तीचा. हा तांदूळ आला नसता तर आमचं काय झालं असतं याचा विचार मला आजही करवत नाही. राज्य सरकारच्या गृहआधार योजनेतले वहिनीचे महिन्याचे १५०० रुपये तेल, साबण, औषधाला जायचे. जनधन खात्यातल्या बायकांना तीन महिने ५०० रुपये मिळाले, आईचं खातं साधं असल्यामुळे ते आम्हाला मिळाले नाहीत. मे महिन्यात पंचायतीच्या रोजगार हमीवर पावसाळ्याआधीचे नाले काढायचं काम निघालं. मी आणि वहिनी अकरा दिवस गेलो. २८० रुपये रोज होता. हाताला फोड आले, पण त्या पैशांनी पुतण्याची पुस्तकं झाली.

म्हणजे उपाशी कोणी राहिलं नाही. पण या तीन महिन्यांत आईचं भांडवल पोटात गेलं. बेसन, गूळ, तेल घ्यायला जे आठ-नऊ हजार ती नेहमी वेगळे ठेवायची, ते संपले. मे सुरू होताना गोवा हरित क्षेत्रात आला, बाजार हळूहळू उघडू लागले आणि शेजारच्या बायका पुन्हा बसू लागल्या. आईकडे मात्र मांडायला काही नव्हतं. फुकटच्या तांदळाचे खाजे होत नाहीत. बाजारात शेकड्याला महिना पाच रुपये व्याजानं देणारे आहेत, आईनं पूर्वी घेतलेही होते. दहा हजारांवर महिन्याला पाचशे नुसतं व्याज आणि मुद्दल जिथल्या तिथे. मी म्हटलं, ते नको.

जूनमध्ये केंद्राच्या पीएम स्वनिधी योजनेची बातमी आली. फेरीवाले, पथविक्रेते यांना १०,००० रुपये खेळतं भांडवल, तारण नाही, फेड वर्षभरात, वेळेवर हप्ते भरले तर व्याजावर ७ टक्के अनुदान. अट एकच, २४ मार्च २०२० ला किंवा त्याआधी तुम्ही शहरात विकत असला पाहिजे. मी आईला म्हटलं, हे तुझ्यासाठीच काढलंय. ती म्हणाली, बघ बाये.

पहिल्या दिवशी आम्ही शहरातल्या एका सेवा केंद्रात गेलो. तिथल्या मुलानं आईचा आधार नंबर टाकला आणि ओटीपी मागितला. आधारला जोडलेला नंबर दादाच्या टिपरवरच्या दिवसांतला, ते सिम केव्हाच बंद पडलेलं. आधार केंद्रावर टोकन, मग रांग, मग ५० रुपये, मग नंबर बदलेपर्यंत दहा दिवस. परत गेलो. या वेळी ओटीपी आला, पण पुढच्या पानावर सर्वेक्षणाचा क्रमांक मागितला. मुलगा म्हणाला, "पालिकेच्या यादीत तुमचं नाव असेल, तिथून नंबर आणा."

पालिकेत यादी होती. खिडकीतल्या माणसानं दोनदा पाहिली, आडनावानं आणि नावानं. नव्हतं. आई कुठली, असं त्यानं विचारलं. गावाचं नाव सांगताच म्हणाला, "मग तुम्ही पंचायतीच्या. तिकडेच जा." पंचायतीत सांगितलं, योजना शहरांसाठी आहे, पालिकेत जा. बसमध्ये तेव्हा अर्ध्याच सीट भरायची परवानगी होती, एक बस चुकली की दीड तास उभं राहावं लागायचं. पालिकेच्या दुसऱ्या फेरीनंतर आई स्टँडवर बाकड्यावर बसली आणि मास्क खाली ओढून म्हणाली, "हांवें चोरी केल्या काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीस वर्षं ज्यांनी तिच्याकडून रोजचा सोपो घेतला, त्यांच्याच यादीत ती नव्हती. मला आजही त्या दिवसाचा राग येतो, आणि तो त्या खिडकीतल्या माणसावर नाही. त्याच्यापुढे जी यादी होती तीच त्यानं पाहिली. पण यादी करायला कोणी तरी बाजारात आलं असणार, आणि आई बसते त्या कमानीखालपर्यंत ते पोचलं नाही, किंवा ज्या दिवशी आलं त्या दिवशी आई कुठल्या तरी जत्रेत होती. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा. प्रत्येक पालिकेसाठी नगर पथविक्रेता समिती असावी, तिच्यात किमान चाळीस टक्के विक्रेतेच असावेत आणि तिनं दर पाच वर्षांत निदान एकदा सर्वेक्षण करावं, असं त्यात लिहिलंय. बाजारात मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी एकानंही या समितीचं नाव ऐकलं नव्हतं.

योजनेची मार्गदर्शक सूचना मला हॉटेलात माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलीनं मोबाइलवर पाठवली. इंग्रजीत होती. दोन रात्री बसून मी ती वाचली, आणि आम्हाला कोणीच न सांगितलेल्या दोन गोष्टी तिच्यात सापडल्या. पहिली, आजूबाजूच्या खेड्यांतून येऊन शहराच्या हद्दीत विकणारे पात्र आहेत. दुसरी, सर्वेक्षणात नाव राहून गेलं असेल तर पालिका शिफारसपत्र देऊ शकते. त्यासाठी साध्या कोऱ्या कागदावर अर्ज करून स्थानिक चौकशीची मागणी करता येते, आणि तो अर्ज १५ दिवसांत निकाली काढायचा असतो. हे वाचलं तेव्हा रात्रीचे बारा वाजले होते. मी आईला उठवलं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डबा पालथा केला.

अर्ज मी मराठीत लिहिला. शाळा मराठीतून झाली, हात मराठीत चालतो, आणि गोव्याच्या राजभाषा कायद्यात मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. "मी अर्जदार आपल्या बाजारात कमानीखाली पूर्वेच्या अंगास गेली तीस वर्षे खाजे, चणे, लाडू यांची विक्री करते" असं पहिलं वाक्य. आईनं ते मला तीनदा वाचायला लावलं. स्वतःबद्दल असं काही लिहिलेलं तिनं त्याआधी ऐकलं नव्हतं. १३७ पावत्या सुतळीनं बांधून सोबत जोडल्या, आणि पाच-सहा कोऱ्या कागदांवर काही पावत्या चिकटवून त्यांची झेरॉक्स आमच्याकडे ठेवली. आवक शिक्का घेतल्याशिवाय मी खिडकी सोडली नाही. कोणी मदतीच्या कुठल्याही योजनेला अर्ज करणार असेल तर माझं एवढंच ऐका, आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. पुढे सगळं त्या तारखेवर चालतं.

पंधरा दिवस गेले. चवथ आली, २२ ऑगस्टला. गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगून बांधतात ती माटोळी, तिच्या बाजारात आई दरवर्षी खाजांबरोबर फळं, काकड्या, नारळ घेऊन बसते. त्या वर्षी ती बसली नाही. घरी गणपती दीड दिवसाचा आणला, माटोळीला परसातलं जे होतं ते बांधलं. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, मोजून एकवीस केल्या. आई त्या दिवशी कोणाशी फार बोलली नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आवक शिक्क्याची प्रत घेऊन गेले आणि मार्गदर्शक सूचनेतलं ते १५ दिवसांचं वाक्य खाली रेघ मारून दाखवलं. भांडले नाही. ज्यांना दाखवलं त्यांनी ते वाचलं आणि आतून एका मुलीला बोलावलं. पालिकेत कंत्राटावर काम करणारी, माझ्याच वयाची असेल. ती म्हणाली, "उद्या सकाळी आईंना त्यांच्या जागेवर बसवा. मी येते."

आई दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच जाऊन बसली. मांडायला काही नव्हतं म्हणून उसन्या पैशांत दोन किलो चणे घेऊन गेली. ती मुलगी दहाला आली, भाजीचा एक रिकामा क्रेट उपडा घालून आईसमोर बसली आणि वही उघडली. हे मी नीट पाहिलं. ती उभी राहून बोलली नाही. कधीपासून बसता, आधी कुठे बसायचात, माल कुठून आणता, दिवसाला किती सुटतात, कोणाकडे उधारी आहे, सगळं विचारलं. मग शेजारी गेली. फुलं विकणाऱ्या मावशीनं सांगितलं, माझ्या लग्नाच्या आधीपासून ही इथे आहे. समोरच्या शिंप्यानं सांगितलं, माझं दुकान १९९४ चं, उद्घाटनाचे लाडू हिनंच केले होते. मासळीच्या बाजूनं एक म्हातारी उठून आली, तिला कोणी विचारलंही नव्हतं, आणि म्हणाली, "ती नसली की आम्ही विचारतो, आज खाजेकान्न खंय?" त्या मुलीनं तेसुद्धा लिहून घेतलं. तिघांच्या सह्या झाल्या, आईचा जागेवर बसलेला फोटो काढला. चाळीस मिनिटांचं काम. शिफारसपत्र चौथ्या दिवशी हातात पडलं.

याच चाळीस मिनिटांसाठी आम्ही जुलैपासून फेऱ्या मारत होतो. महामारीत गरिबांसाठी योजना नव्हत्या असं मी म्हणणार नाही, आमच्या घरात त्यातल्या चार तरी पोचल्या. पण जी आमच्या हाताला काम देणार होती ती कोणीतरी जागेवर येऊन बसल्याशिवाय पोचली नाही. बाजारात कोण बसतं हे दिल्लीला माहीत असायचं कारण नाही, पणजीलाही नाही. ते शहराच्या पालिकेला माहीत असायला हवं. ती त्या जागेपासून दोनशे पावलांवर आहे.

बँकेचं थोडक्यात सांगते. तारण लागत नाही असं योजनेत स्पष्ट असूनही जामीनदार मागितला, उत्पन्नाचा दाखला मागितला, पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं. पाच फेऱ्या झाल्या. शेवटी ३ नोव्हेंबरला पैसे खात्यात आले. हप्ता महिन्याला नऊशेच्या आत बसला, मुद्दल आणि व्याज धरून.

त्याच संध्याकाळी बेसन, गूळ, तीळ, आलं आणि १५ किलोचा तेलाचा डबा घरी आला. पहाटे चारला आईनं चूल पेटवली. बेसनात मीठ आणि कडकडीत तेलाचं मोहन घालून तिनं पीठ घट्ट मळलं. साच्यातून जाड काड्या तेलात सोडल्या, तळून काढल्या, बोटभर तुकडे केले. मग गुळाचा पाक. तो कधी झाला हे ती बघून सांगत नाही, ऐकून सांगते, बुडबुड्यांचा आवाज जड होतो म्हणते. त्यात किसलेलं आलं, तीळ, मग काड्या, आणि लाकडी उलथन्यानं सारखं हलवत राहायचं, गूळ प्रत्येक काडीवर सुकून पांढुरका धरेपर्यंत. आठ महिन्यांनी घरात आल्या-गुळाचा तो वास आला. पुतण्या अंथरुणातून उठून थेट चुलीपाशी आला. दिवाळी १४ तारखेला होती, तोपर्यंत तीन घाणे विकले गेले.

त्या डिसेंबरात स्वयंपूर्ण गोवा योजनेतले स्वयंपूर्ण मित्र आमच्या पंचायतीत शनिवारी येऊ लागले होते. कुठल्याशा खात्यातले अधिकारी, वय बरंच. "घरात कोण काय करतं?" असं विचारत ते वाड्यावर फिरले. मला हा प्रश्न फार आवडला. त्यामुळे सगळं बदललं असं नाही, पण वहिनीच्या बचत गटाची दोन वर्षं अडकलेली कागदपत्रं मार्गी लागली.

मे २०२१ मध्ये पुन्हा सगळं बंद झालं. ९ तारखेपासून कर्फ्यू, पुन्हा लईराई नाही. तोवर सहा हप्ते गेले होते. सातवा, आठवा आम्ही गृहआधारच्या पैशांतून भरला, नववा वहिनीच्या गटानं उचलून दिला. पारंपरिक व्यवसाय आणि असंघटित क्षेत्रातल्यांना राज्य सरकारनं एकदाच ५००० रुपये द्यायचं ठरवलं तेव्हा मात्र आम्हाला पळावं लागलं नाही. आईकडे आता पालिकेचा कागद होता. शेवटचा हप्ता नोव्हेंबर २०२१ मध्ये गेला. वेळेवर फेडलं म्हणून २०,००० चं दुसरं कर्ज मिळणार होतं. आईनं आठ दिवस विचार केला आणि घेतलं.

आईच्या डाव्या हाताला काकणं विकणारी एक मावशी बसते. कर्नाटकातून आलेली, बावीस वर्षं झाली. तिचं रेशनकार्ड तिकडचं. १ जानेवारी २०२० पासून कर्नाटक आणि गोवा दोन्ही राज्यं एक देश एक रेशनकार्डात होती, म्हणजे तिला धान्य इथेही उचलता आलं असतं. ज्यांच्याकडे कार्डच नाही अशा स्थलांतरितांसाठीसुद्धा त्या मे-जूनमध्ये माणशी ५ किलो धान्य होतं. तिला यातलं काहीच कोणी सांगितलं नाही, मलाही तेव्हा माहीत नव्हतं. त्या उन्हाळ्यात तिनं गळ्यातला एकुलता सोन्याचा मणी विकला.

दुसऱ्या कर्जाच्या कागदांसाठी आम्ही गेलो तेव्हा मी तिलाही बरोबर नेलं. तिच्याकडे सोपोची एकही पावती नव्हती. मी पालिकेच्या पायरीवर बसून कोऱ्या कागदावर तिचा अर्ज लिहिला, आवक शिक्का घेतला. तीच मुलगी पुन्हा वही घेऊन आली, क्रेटवर बसली. साक्षीदार कोण, असं तिनं विचारलं. आई पुढे सरकली. पदरानं हात पुसले, पेन घेतलं, आणि "किती वर्षांपासून ओळखता" या रकान्यात एकेक अक्षर दाबून लिहिलं, बावीस. मग खाली सही केली, पूर्ण नाव, गावासकट.